सप्तपर्णीचं जुळं

मंडळी, मी पहिल्यापासूनच काळाच्या चार पावलं पुढे असतो. आमच्या इमारतीत पहिला मायक्रोवेव्ह माझा! सोसायटीच्या नोटिसा मोबाइलवर पाठवणारा आख्ख्या बोळिंजमधला पहिला सेक्रेटरीही मीच! तेव्हा यंदा आमच्या 'सप्तपर्णी'त जे काही घडलं, त्याची सुरुवातही माझ्यापासूनच झाली. शेवटही माझ्यावरच झाला, पण ते ओघाने येईलच.

आमची इमारत छोटीशी. तळमजला अधिक पाच, मजल्याला दोन फ्लॅट, एक पुढे आणि एक मागे, अशी बारा बिऱ्हाडं. पुढे म्हणजे अर्थातच रस्त्याकडे. मागे बावखल आहे. आमच्या वसई भागात वाड्यांमधून गोड्या पाण्याची छोटी तळी खोदलेली असत, त्यांतलं हे एक अजून बुजवायचं राहिलेलं. मी आणि हेमांगी तळमजल्यावर पुढच्या फ्लॅटमध्ये. आमच्या पाठीला पाठ लावून मागच्या फ्लॅटमध्ये धोंडूमावशी. ही सगळी जागा मूळची त्यांचीच वाडी. इमारत झाली तेव्हा जागेच्या बदल्यात त्यांना हा फ्लॅट मिळाला. नवरा वारला, लेक सासरी गेली, आता सत्तरीच्या मावशी एकट्या. बावखलाच्या काठाला चार केळी आणि अळूचा वाफा. त्या अळूचं फदफदं बाराही घरांत पोचायचं.

तर माझी भाची आर्या इंजिनियर आहे. तिची कंपनी इमारतींचे 'डिजिटल ट्विन' बनवते.

"म्हणजे बघ मामा, इमारतीची हुबेहूब प्रत संगणकात करायची," तिने मला समजावलं. "खऱ्या पाइपांवर मीटर बसवायचे. कुठल्या घरात किती पाणी गेलं, पंपाने किती वीज खाल्ली, सगळं त्या प्रतीत दिसतं. नासाडी कुठे होतेय ते कळलं, की थांबवता येते. मोठमोठी शहरं करतात असं."

"आणि आपले टँकर?"

"निम्म्यावर येतील."

निम्म्यावर! माझ्या डोळ्यांपुढे लगेच शाल आणि श्रीफळ दिसू लागलं. त्याच दिवशी मी फळ्यावर नोटीस लावली. ट्विनला मराठी शब्द हवा, म्हणून मीच तो काढला. 'सप्तपर्णीचं जुळं लवकरच येत आहे! सर्वांनी सहकार्य करावे. – विलास, सेक्रेटरी.'

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात धोंडूमावशी! हातात डबा, चेहरा काळजीने एवढासा.

"हेमांगी कुठं हाय? निजली हाय ना? तिला उठू देऊ नको."

हेमांगी तेव्हा स्टुलावर उभी राहून पंखा पुसत होती. वय वर्षं एकोणपन्नास.

"आगं बाय! खाली उतर आदी!" मावशी ओरडल्या. "जुळं येतंय म्हने तुमच्याकडं! आनि ही वर चढून काय करते?"

हेमांगी स्टुलावरून पडता पडता वाचली. "मावशी, ते आम्हाला नाही! ते इमारतीला होणार आहे!"

"इमारतीला?" मावशींनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "कोनापासून?"

पुढचा अर्धा तास मी त्यांना संगणक, मीटर आणि पर्यावरण समजावत होतो. त्यांना एवढंच कळलं, की विलासने काहीतरी जन्माला घातलंय आणि ते पाणी मोजणार आहे. डब्यात डिंकाचे लाडू होते. ते त्यांनी परत नेले नाहीत. "ऱ्हाऊ दे, तूच खा. तुलाच बाळंतपन हाय," म्हणाल्या.

मीटर बसवायला आमचा नेहमीचा प्लंबर बॅप्टिस्ट आला. हा इथल्याच आळीतला, बावखलात पोहून मोठा झालेला, साठीचा माणूस. गच्चीवरच्या टाकीतून बारा पाइप बारा फ्लॅटना जातात. बॅप्टिस्टने बाराही पाइपांवर मीटर बसवले, बंद-चालू करायचे विजेचे वॉल्व बसवले आणि रंगाने आकडे टाकले. फु‑०, मा‑०, फु‑१, मा‑१, असं करत फु‑५, मा‑५ पर्यंत.

"हे 'फु' काय रे?"

"फुडचा," बॅप्टिस्ट म्हणाला. "आनि 'मा' मागचा."

किती सोपं! फु‑० म्हणजे तळमजला पुढचा, माझा. मा‑० म्हणजे तळमजला मागचा, धोंडूमावशींचा. मी सगळं आर्याच्या नकाशात भरून टाकलं.

"मामा, एकेक वॉल्व बंद करून त्या त्या घरात जाऊन बघ हं," तिने फोनवर बजावलं. "पाइप आणि घर जुळतंय का ते. बारा चौकोन दिलेत, तपासलं की खूण कर."

"अगं, वीस वर्षं राहतोय मी इथे! मला शिकवतेस?"

मंडळी, इथे मला एक कबुली द्यायची आहे. बाराही चौकोनांत मी खुणा केल्या. घरात बसून, चहा पिता पिता. गच्चीवर एकदाही गेलो नाही. लोकांच्या घरात जाऊन नळ कोण सोडत बसणार?

आणि आमचं जुळं सुरू झालं! स्वस्तातला प्रकार असल्यामुळे आकडे दिवसातून एकदाच, सकाळी सहाला यायचे. पण काय देखणे यायचे! संगणकावर छोटीशी सप्तपर्णी, प्रत्येक फ्लॅटला रंग. कमी पाणी वापरणारा हिरवा, जास्तवाला लाल. पहिल्याच सकाळी मी चष्मा पुसून पाहिलं. तळमजला पुढचा, म्हणजे आम्ही, दोनशे दहा लिटर! हिरवेगार! आणि तळमजला मागचा, धोंडूमावशी? चौदाशे! लालभडक!

आता पाचव्या मजल्यावर थोडी गडबड दिसत होती, नाही असं नाही. तिथे पुढे आमचे चेअरमन श्रीपतराव राहतात, घरात पाच माणसं. त्यांचा आकडा शून्य. त्यांच्या मागचा फ्लॅट मस्कतला गेलेल्या एका कुटुंबाचा, दोन वर्षं कुलूपबंद. त्याचा आकडा नऊशे.

मी श्रीपतरावांना जिन्यात गाठलं. "अभिनंदन! आठवडाभरात एक थेंब पाणी वापरलं नाहीत!"

"म्हणजे?" श्रीपतरावांच्या मिशा थरथरल्या. "आम्ही पाच जण आठवडाभर आंघोळ करत नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी नाही म्हणत. जुळं म्हणतंय."

"तुमच्या जुळ्याला सांगा, वर येऊन वास घे म्हणावं!"

मग मस्कतवाल्यांचा प्रश्न. कुलूपबंद घरात रोज नऊशे लिटर पाणी जातंच कसं? कुणीतरी लपून राहतंय, अशी इमारतीत बोंब उठली. चौथ्या मजल्यावरच्या काकूंना रात्री वरून पावलं ऐकू येऊ लागली. शेवटी मस्कतला फोन करून परवानगी काढली, सोसायटीकडची किल्ली घेतली आणि मी, श्रीपतराव आणि बॅप्टिस्ट हातात झाडूचा दांडा घेऊन आत शिरलो. आत धूळ, एक उलटं पडलेलं झुरळ आणि कोरडा ठणठणीत नळ.

"मीटर खराब असेल," श्रीपतराव म्हणाले.

"पाचव्या मजल्याचे दोन असतील," मी म्हणालो. "बाकीचे उत्तम आहेत."

आता तुम्ही म्हणाल, एवढं डोळ्यांसमोर असून या माणसाला कळलं कसं नाही? मंडळी, माझा स्वतःचा आकडा इतका सुरेख येत होता, की यंत्रावर शंका घ्यायला माझं मनच तयार होईना.

महिन्याच्या सभेत मी भिंतीवर पांढरी चादर टांगली आणि तीवर आमचं जुळं दाखवलं. आधी 'हरित कुटुंब' पुरस्काराची घोषणा केली. प्रमाणपत्र मीच छापून आणलं होतं, काचेच्या फ्रेमसकट. विजेते, श्री. व सौ. विलास! टाळ्या पडल्या. म्हणजे मी सुरू केल्यावर पडल्या.

"दोनशे दहा?" हेमांगी माझ्या कानाशी पुटपुटली. "अहो, आपल्या फ्लशची टाकी तर दिवसरात्र गळते. पाच महिने सांगतेय तुम्हाला."

"बघतो म्हटलं ना! गप्प बस, टाळ्या चालल्या आहेत."

मग मी लाल फ्लॅटवर काठी टेकवली.

"धोंडूमावशी, तुम्ही एकट्या राहता. मग चौदाशे लिटर कसं लागतं?"

मावशी शेवटच्या खुर्चीत बसल्या होत्या. "चौदाशे मंजे किती?"

"सत्तर बादल्या! रोज!"

"सत्तर?" त्या हसल्याच. "अरे, मी एकटी म्हातारी. सत्तर बादल्या पानी काय करीन?"

"मागे केळी कोण शिंपतं? अळू कोण शिंपतं? इथे आम्ही टँकरची वाट बघतोय, आणि पिण्याचं पाणी झाडांना!"

"झाडांना बावखलाचं घालते मी. हातानं."

इथे मी थांबायला हवं होतं. पण चादरीवर माझं जुळं झळकत होतं, अंगावर टाळ्यांची ऊब होती. मी म्हणालो, "मावशी, यंत्र खोटं बोलत नाही."

मावशींनी एकदा चादरीकडे पाहिलं, एकदा सगळ्यांकडे पाहिलं.

"यंतर खोटं नाय," त्या हळूच म्हणाल्या. "मंग मीच खोटी असन."

पदर खोचून त्या उठल्या आणि निघून गेल्या. आम्ही ठराव केला. ज्या घरचं पाणी सातशे लिटरच्या वर जाईल, त्यांना आठ दिवसांची मुदत, नंतर वॉल्व बंद. ठराव एकमताने मंजूर झाला. घरी येऊन मी डब्यातले डिंकाचे शेवटचे दोन लाडू खाल्ले.

दुसऱ्याच दिवसापासून चमत्कार सुरू झाला. आमचा आकडा उतरू लागला! दोनशे दहाचे दीडशे, दीडशेचे ऐंशी आणि चौथ्या दिवशी शून्य! मी हरखून गेलो. दाढी करताना नळ बंद ठेवायला मी नुकतीच सुरुवात केली होती. तेवढ्याने एवढा फरक!

"अहो, शून्य कसं असेल?" हेमांगी म्हणाली. "सकाळी दोन बादल्या कपडे धुतले मी."

"तू मन लावून धुतलेस, म्हणून कमी लागलं."

मावशींचा आकडा मात्र चौदाशेवरून हलेना. काय हा हट्ट! आणि वर नाटक बघा. रोज सकाळ-संध्याकाळ त्या माझ्या खिडकीसमोरून कमरेवर कळशी घेऊन जायच्या. दिराच्या वाडीतल्या विहिरीवर. येताना दर दहा पावलांवर थांबायच्या.

"मावशी बाहेरून पाणी का भरतात?" हेमांगीने विचारलं.

"लोकांना दाखवायला."

"मी विचारलं त्यांना. म्हणाल्या, नळाला हातच लावत नाय आता. कोनी परत चोर म्हनायला नको."

"मी चोर कुठे म्हणालो?" मी म्हणालो.

हेमांगीने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी पेपरच्या आड गेल्यामुळे पूर्ण पाहू शकलो नाही.

रविवारी मुदत संपली. मी तो मुहूर्त मोठा करायचा ठरवला. एव्हरशाईन सिटीतल्या चार सोसायट्यांचे सेक्रेटरी आणि नायगावच्या जूचंद्रहून एक गृहस्थ, असे पाच पाहुणे बोलावले. विषय, 'शाश्वत इमारत आणि शिस्त'. सकाळी दहाला सगळे आमच्या इमारतीतल्या मधल्या मोकळ्या जागेत जमले. आर्याही आली होती. श्रीपतराव मुद्दाम अत्तर लावून आले होते. बॅप्टिस्ट भिंतीला टेकून उभा होता.

"आता मी इथे, या मोबाइलवर, फक्त एक बोट टेकवणार," मी जाहीर केलं, "आणि तळमजला मागचा, या घरचं पाणी बंद! ना आरडाओरडा, ना भांडण!"

टेकवलं बोट. जुळ्यातला लाल फ्लॅट काळा झाला.

"चला, प्रत्यक्ष बघा!"

पाहुण्यांना घेऊन मी धोंडूमावशींच्या घरात शिरलो. दार उघडंच होतं. मावशी भांडी पुसत होत्या. ओट्याखाली कळश्या ओळीने भरून ठेवलेल्या. मी त्यांच्याकडे न पाहता सरळ मोरीतल्या नळाकडे गेलो.

"हा नळ! पाहा, एक थेंबसुद्धा..."

चार-पाच दिवस बंद असलेला नळ आधी फुसफुसला. मग खोकला. मग धो धो सुरू झाला! माझी पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

"हे बंद केलंय?" जूचंद्रच्या गृहस्थांनी अदबीने विचारलं.

"हवेचा दाब असेल," मी म्हणालो. "आता थांबेल."

थांबलं नाही. उलट भिंतीपलीकडून, म्हणजे माझ्या घरातून, किंकाळी आली.

"अहोऽऽ! पाणी गेलंऽऽ!"

आम्ही सगळे बाहेर धावलो. माझ्या दारात हेमांगी उभी होती. अंगात गाऊन, खांद्यावर टॉवेल, डोक्यात मेंदी. रविवारी ती केस रंगवते. मेंदीचे हिरवे ओघळ कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून खाली येत होते. डोळे तिने घट्ट मिटले होते, म्हणून समोर पाच पाहुणे आहेत हे तिला दिसलं नाही.

"डोळ्यांत जातंय हो! कुणी बंद केलं पाणी? कुठल्या गाढवाने केलं?"

एव्हरशाईनचे चौघेही माझ्याकडे पाहू लागले.

"मामा," आर्या हळूच म्हणाली, "ते बारा चौकोन तू तपासले होतेस ना?"

मी काही बोलायच्या आत माझ्या बाजूने कुणीतरी पुढे झालं. धोंडूमावशी! एका हातात कळशी, दुसऱ्यात तांब्या. दिराच्या विहिरीवरून स्वतःच्या कमरेवर आणलेलं पाणी.

"डोळं उघडू नको हां बाय. मान खाली कर." आणि त्या माझ्या उंबऱ्यात वाकून हेमांगीच्या डोळ्यांवर तांब्या तांब्याने पाणी घालू लागल्या.

मी बॅप्टिस्टवर घसरलो. माणसाला कुणावर तरी घसरावंच लागतं. "काय खुणा टाकल्यास तू? मा‑० बंद केला तर माझं पाणी गेलं!"

"जानारच," बॅप्टिस्ट शांतपणे म्हणाला. "मा मंजे मागचा. तुमचाच."

"माझा पुढचा आहे!"

"तुमचा मागचा हाय."

"अरे, हा समोर रस्ता! हे गेट! हे पुढे की मागे?"

"मागं," बॅप्टिस्ट म्हणाला. "फुडं बावखल. इचारा मावशीला."

मावशींनी मान वर न करता सांगितलं, "घराचं तोंड पहिल्यापासून बावखलाकडं. सगळी येनारी-जानारी तिकडच्याच वाटेनं. रस्ता आता झाला. हितं मागं कोन येत होतं? तुज्या हालात, त्या सोफ्याच्या जागी, आमचे संडास होते."

पाहुण्यांनी वाकून माझ्या हॉलमध्ये पाहिलं. सोफ्याच्या बरोबर वर, काचेच्या फ्रेममध्ये, 'हरित कुटुंब' लटकत होतं.

मग एकेक गोष्ट माझ्या डोक्यात उतरत गेली, आणि प्रत्येक गोष्टीबरोबर मी थोडा थोडा खाली गेलो. आख्खी इमारतच मी उलटी घातली होती. शून्यवाले श्रीपतराव नव्हते, मस्कतवाले होते. चौदाशे लिटर मावशींचे नव्हते, आमचे होते. आमच्या फ्लशच्या टाकीचे, जी मी पाच महिने 'बघतो' म्हणत होतो. आणि ज्या हिरव्यागार दोनशे दहा लिटरवर मी टाळ्या घेतल्या, ते पाणी मावशींचं होतं. ते उतरत उतरत शून्यावर आलं, कारण त्या बाईने माझ्या एका वाक्यावर नळाला हात लावणं सोडलं होतं. आणि मी रोज सकाळी सहाला उठून, ते शून्य बघून, स्वतःची पाठ थोपटत होतो!

पाहुणे चहा न घेताच गेले. जाताना जूचंद्रचे गृहस्थ म्हणाले, "शिस्त चांगली आहे हो." मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं. पण तळमजल्याला ती सोय नसते. शिवाय खाली काय होतं, ते आता कळलंच होतं.

त्या दुपारी जेवण गेलं नाही. हेमांगीची भुवई अजून हिरवट दिसत होती. मला आणखी एक गोष्ट आठवत होती, जी आठवायची मी वीस वर्षं टाळली असावी. आम्ही इथे नवे राहायला आलो, तेव्हा इमारतीला पाणीच नव्हतं. दीड वर्ष! लग्नाला सहा महिने झालेला मी, दोन बादल्या घेऊन मावशींच्या दिराच्या त्याच विहिरीवर उभा असायचो. मावशींनी एकदाही बादल्या मोजल्या नव्हत्या. उलट मला पोहरा धड ओढता येईना, म्हणून स्वतः शेंदून द्यायच्या. मला लाज वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी मी भिंतीवरची फ्रेम काढली, काखेत मारली आणि मधल्या जागेतून मावशींच्या दाराची बेल वाजवली. मनात वाक्य तयार होतं. दोन मिनिटं कुणी आलं नाही. मग पलीकडून, बावखलाच्या बाजूने, आवाज आला.

"मागच्या दारी कोन उभं हाय चोरासारखं? फुडून ये!"

मी इमारतीला वळसा घालून गेलो. मावशी पायरीवर बसून अळूची पानं पुसत होत्या. मी फ्रेम त्यांच्यापुढे धरली.

"मावशी, हे तुमचं आहे. माझं फार चुकलं. मला माफ करा."

त्यांनी फ्रेम घेतली, उलटसुलट करून पाहिली. "काच चांगली हाय. आतला कागद काढ, आमच्या मालकांचा फोटू लावीन."

मी मुकाट्याने कागद काढला.

"तुमचं ते जुळं तुज्यावरच गेलं रे," त्या म्हणाल्या. "फुडचं-मागचं काय कळत नाय."

"नाही कळत," मी म्हणालो. "पण आता तुम्ही नळ सोडा ना. त्या कळश्या नका आणू. हवं तर मी आणून देतो."

त्यांचा हात थांबला. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"चोर ठरवलंस ते बारा घरांसमोर," त्या म्हणाल्या. "आनि माफी मागायला एकटा येतोस? मंग हेही मागचंच दार झालं की!"

बावखलात एक बेडूक उडी मारून गेला. मी कागदाची घडी करून खिशात टाकली आणि घरी आलो.

बुधवारी संध्याकाळी मी पुन्हा सभा बोलावली. पुन्हा चादर टांगली. मस्कतवाले सोडून सगळ्या घरांतून कुणी ना कुणी आलं, श्रीपतराव तर पाचही जणांसकट आले, स्वच्छ आंघोळ करून. शेवटच्या खुर्चीत धोंडूमावशी. मी चादरीवर लाल फ्लॅट दाखवला आणि म्हणालो, "हे घर माझं आहे. रोजची सत्तर बादल्यांची नासाडी माझी. मीटर बरोबर होते, बॅप्टिस्ट बरोबर होता, मावशी खरं बोलत होत्या. मी काहीही न तपासता त्यांना तुमच्यासमोर खोटं ठरवलं. मला त्याची लाज वाटते."

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. बऱ्याच जणांनी माना खाली घातल्या, कारण ठराव एकमताचा होता. तो आम्ही रद्द केला, तोही एकमताने. मावशींनी पदर खोचला आणि आल्या तशा गेल्या.

आर्याने त्याच रात्री नकाशा सुलटा केला. आता आमच्या जुळ्यात इमारतीची पुढची बाजू बावखलाकडे आहे. गुरुवारी सकाळी सहाला मी उठलो. हिरवा, पुढचा फ्लॅट, म्हणजे आता मावशींचा. आकडा शून्य. शुक्रवारी शून्य. कळश्या मी आणून द्यायला गेलो, तर त्यांनी मला वाटेतून हटवलं. शनिवारी शून्य. मंडळी, त्या शून्याकडे बघवत नव्हतं.

रविवारी सकाळी आकडा आला. दोनशे दहा.

मी "हेमांगी! हेमांगी!" करत तिला गदागदा हलवून उठवलं. तिला वाटलं, मला काहीतरी झालं. मग तिनेही आकडा पाहिला आणि चष्मा काढून डोळे पुसले. अर्ध्या तासाने आमच्या दारात अळूच्या फदफद्याचं पातेलं आलं. अर्थात मागच्या दारात, जे मी इतकी वर्षं पुढचं समजत होतो.

राहता राहिला आमचा स्वतःचा आकडा. तो अजून चौदाशेच आहे, लालभडक, आणि आता सगळ्यांना माहीत आहे तो कुणाचा ते. फ्लशची टाकी दुरुस्त करायला मी बॅप्टिस्टला गेल्या सोमवारी फोन केला, मंगळवारी केला, काल तर घरी जाऊन आलो. सभेत मी त्याला बरोबर म्हणालो होतो, तरी गृहस्थ अजून फुगलेला आहे. त्याने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, विडी विझवली आणि म्हणाला,

"बघतो."